बाबांच्या डबीतलं खाल्लेलं नाणं खरं, की मी विकत घेतलेली तीन?

तपकिरीची_डबी (मिरज)

नमस्कार. मी या विषयात नवीन आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

बाबांचं मिरजेत किराणा दुकान होतं. ते गेल्या वर्षी गेले. दुकान आवरताना गल्ल्याच्या मागे तपकिरीची जुनी डबी सापडली. गल्ला मोजताना एखाद्या नाण्याचा संशय आला की बाबा ते डबीत टाकायचे. गिऱ्हाइकाच्या हातात ते नाणं परत ठेवायचं नाही आणि पुढे चालवायचंही नाही, असा त्यांचा नियम होता. डबीत गुळगुळीत झालेली चार नाणी होती आणि पाचवं जरा वेगळं. एक रुपयाचं, स्टीलचं, १९९८ सालचं, सालाखाली मुंबईची चौकटीची खूण. त्याची कड एका जागी गोलाकार खाल्लेली आहे, भाकरीचा घास तोडावा तशी. खाच सगळ्यात खोल जागी साधारण तीन मिलिमीटर.

त्या नाण्यामुळे मी 'एरर कॉइन' (टांकसाळीतच चूक होऊन बाहेर पडलेलं नाणं) हा शब्द पहिल्यांदा ऐकला, मग व्हिडिओ बघत गेले, आणि दिवाळीच्या सुमारास एका नाणे प्रदर्शनात तीन नाणी घेतली. तिन्ही मिळून २,६०० रुपये दिले. ती अशी:

दहा रुपयांचं, दोन धातूंचं. बाहेरच्या पिवळ्या कड्यावर 'भारत' आणि इंग्रजीत 'इंडिया', पण मध्ये सिंहांच्या जागी रुपयाचं चिन्ह. पलटलं की उलट. वजन ७.७० ग्रॅम.

दोन रुपयांचं, जुनं अकरा बाजूंचं, राष्ट्रीय एकतेच्या नकाशाचं. विकणाऱ्याने 'लाखी' म्हणून दिलं, म्हणजे टांकसाळीच्या चुकीने एका बाजूला उलटी, आत गेलेली छाप पडलेलं. नकाशाच्या बाजूला सिंह आणि 'भारत' ही अक्षरं उलटी आणि आत खचलेली दिसतात. वजन ५.९८.

पाच रुपयांचं, जाड, दोन्हीकडे छापा. काटा नाहीच. वजन ८.६१.

वजनं गल्लीतल्या सोनारकाकांच्या काट्यावर केली. दहाचं आणि दोनचं नेटवर दिलेल्या वजनाशी जुळतं, म्हणजे ती खरी असावीत असं मी धरलं. बाबांच्या रुपयाचं मात्र ४.६१ भरलं, असायला हवं ४.८५. शिवाय खाचेच्या बरोबर समोर त्याची कड पुसट झालीय, कुणीतरी घासल्यासारखी. काट्याच्या, म्हणजे आकड्याच्या बाजूने नाणं घड्याळाच्या तबकडीसारखं धरलं, तर खाच चार वाजता आहे आणि पुसटपणा दहा वाजता. म्हणजे कुणीतरी कानस मारली आणि बाबांनी खोटं म्हणून बाजूला टाकलं, असा माझा अंदाज. बरोबर आहे का? विकायची घाई नाही. मला फक्त बघता यायला हवं.

नाशिककर_संग्राहक

ताई, आधी वजनाचं बोलू. बदललेलं नाणं वजनात बहुतेकदा बरोबरच येतं, कारण धातू टांकसाळीचाच असतो. नाणं खरं आणि चूक खोटी, असा हा प्रकार आहे. वजनाने बनावट नाणं पकडता येतं. खऱ्या नाण्यावर केलेली कारागिरी बहुतेकदा सुटून जाते.

पाचाच्या नाण्याची मात्र वजनानेच चहाडी केलीय. ते जाड तांबे-निकेलचं नाणं ९ ग्रॅमचं असतं. वापरून झिजलं तरी जवळपास चार दशांश ग्रॅम कमी होत नाही. हे जादूगारांचं नाणं. एका नाण्याचं पोट लेथवर कोरून वाटी करतात आणि दुसऱ्याचा छापा कडेपर्यंत घासून त्या वाटीत बसवतात. भिंगातून कड जिथे उतरून सपाट भागाला मिळते तिथे बघा. केसाएवढी रेघ गोल फिरलेली दिसेल. दिसली नाही तर फरशीवर टाकून दुसऱ्या पाचाच्या आवाजाशी ताडून बघा. सांधलेलं नाणं खणखणत नाही, बद्द वाजतं.

तुम्हाला बघायला शिकायचंय हे वाचून फार बरं वाटलं. इकडे येणं झालं तर त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, ते बघा. मुंबईला गेलात तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं. चांगलं पाडलेलं नाणं शंभरदा नजरेखालून गेलं की वाईट आपोआप टोचतं.

बाबांच्या रुपयाबद्दल मी बोलत नाही. इथे एक काका आहेत, ते त्यावर माझ्यापेक्षा नीट सांगतील.

प्रेसशॉप_भोसरी

ताई, तुमचा रुपया वाचून मी चष्मा पुसून परत वाचला. दहा वाजता पुसट लिहिलंय ना? मग तुमचा अंदाज उलटा आहे. तो पुसटपणाच तुमच्या नाण्याचा साक्षीदार आहे.

मी टांकसाळीत कधी नव्हतो. ३१ वर्षं भोसरीत प्रेसवर काढली. वॉशर, ब्रॅकेट, मोटारीचे लहान पार्ट. पण पत्र्यातून गोल चकती पाडायची आणि डायखाली, म्हणजे कोरलेल्या ठशाखाली दाबायची, हे काम सगळीकडे एकच. नाणी मी याच नजरेने बघतो. नाणं हातात आलं की पहिला प्रश्न, हे मशीनने कसं केलं असेल? सांगता आलं तर पुढे बघायचं. मशीनला जमणारच नाही असं दिसलं, तर ते हाताने केलंय.

आता खाच कशी पडते बघा. पत्र्याची लांब पट्टी पंचाखालून सरकत जाते. पंच खाली येतो, चकती पडते, पट्टी पुढे सरकते, पंच परत येतो. कधीतरी फीड अडखळतो. पट्टी पुरेशी सरकत नाही आणि पंच आधीच्या भोकाच्या काठावरच बसतो. मग पडणाऱ्या चकतीला त्या भोकाचा घास लागलेला असतो. आमच्याकडे असे वॉशर रोज दोन-चार निघायचे आणि भंगारात जायचे. टांकसाळीतही ते वेचून काढतात, पण कोट्यवधी नाण्यांतून एखादं निसटतं. म्हणून खऱ्या खाचेचा गोलवा जवळजवळ त्या नाण्याच्याच गोलव्याइतका असतो. दुसरा एक रुपया घेऊन खाचेत बसवून बघा. बसला तर पहिली परीक्षा पास. कानस मारणाऱ्याच्या हातात गोल कानस असते बोटाएवढी, तिचा गोलवा लहान येतो.

आता दहा वाजताचं. चकती पाडल्यावर ती लगेच डायखाली जात नाही. आधी तिची कड उचलतात. दोन पृष्ठभागांमध्ये दाबत चकती फिरवतात, तेव्हा काठाचा धातू वर येऊन कडेची सुरुवात होते. हा दाब समोरासमोरचा असतो. एका बाजूला धातूच नसेल तर त्याच्या बरोबर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. टेकायला काही नाही ना! म्हणून खाचेच्या समोर कड नीट उभी राहत नाही आणि पुढे छाप पडतानाही तिथला धातू कमीच भरतो. नाणेवाल्यांमध्ये याला 'ब्लेकस्ली परिणाम' म्हणतात. प्रत्येक खाचेच्या नाण्यावर तो ठळक दिसतोच असं नाही. लहान खाच असली तर नसतोही. पण दिसला तर ती खाच छाप पडायच्या आधीची आहे, याला फार मोठा आधार मिळतो. नाणं तयार झाल्यावर कानस मारणारा माणूस खाच करील, पण समोरची कड टांकसाळीसारखी पुसट करणं त्याच्या हातचं नाही. घासली तर तिथे ओरखडे आणि वेगळी चमक येते.

आता हे तुम्ही स्वतः करा. नाणं खिडकीपाशी घ्या, ट्यूबलाइटखाली नको. सकाळचं तिरपं ऊन मिळालं तर उत्तम. दहा पटीचं भिंग घ्या. खाचेजवळची अक्षरं किंवा कणीस बघा. खरं असेल तर खाचेकडे जाताना नक्षी जरा ओढल्यासारखी, पसरून विरळ होत गेलेली दिसेल, कारण छाप पडताना धातूला रिकामी जागा सापडली आणि तो तिकडे सरकला. कानशीचं असेल तर नक्षी कात्रीने कापल्यासारखी अचानक संपेल. नंतर नाणं उभं धरून खाचेची भिंत बघा. पंचाने पाडलेल्या पत्र्याच्या भिंतीला दोन भाग असतात, थोडा गुळगुळीत आणि थोडा तुटल्यासारखा खरबरीत. कानशीच्या रेघा मात्र सगळ्या एका दिशेने, समांतर. एकदा बघितल्या की विसरायच्या नाहीत.

अजून एक. तुम्ही पुसटपणा काट्याच्या बाजूने सांगितलात. आपल्या नाण्यांचे दोन्ही चेहरे एकाच दिशेने सरळ असतात, वहीचं पान उलटावं तसं पलटलं तरी सिंह उभेच. म्हणजे पलटल्यावर खाच आठ वाजता आली पाहिजे आणि कड पुसट दोन वाजता. दोन्ही बाजूंनी त्याच जागी पुसट असेल तर मला शंका उरत नाही.

वजनही मी कागदावर मांडून बघितलं. २५ मिलिमीटर व्यासाच्या नाण्यातून तेवढ्याच गोलव्याचा, तीन मिलिमीटर खोल घास गेला तर क्षेत्रफळाचा साधारण विसावा भाग जातो. ४.८५ चा विसावा भाग ०.२४. उरले ४.६१. तुमच्या सोनाराचा काटा चोख आहे.

दहा रुपयांचं. इथे मला राग येतो, कारण हे काम करायला अक्कल लागत नाही, फक्त हातोडी आणि पाइपचा तुकडा लागतो. कडं आणि मधली चकती डायखाली जातात तेव्हा दोन्ही कोऱ्या असतात. एकाच दाबात दोघांवर छाप पडते आणि त्याच दाबाने धातू पसरून ती एकमेकांना धरतात. कड्यावरची अक्षरं आणि चकतीवरचे सिंह एकाच डायवर कोरलेले आहेत. मग 'भारत'च्या मध्ये रुपयाचं चिन्ह येणार कुठून? डायच तसा कोरावा लागेल. चकती छापून झाल्यावर बाहेर काढून उलटी बसवली, दुसरं काही नाही. सिंह तिरके झालेली दहाची नाणीही अशीच विकतात, तीही फिरवून बसवलेली. सांध्यावर भिंग धरा, कुठेतरी धातूची ओठासारखी उचललेली कड किंवा ठोकल्याची खूण सापडेल.

दोन धातूंच्या नाण्यात खरी चूक वेगळी असते. चकती किंवा कड्याचं भोक एका बाजूला सरकलेलं असतं, पण छाप त्या सरकलेल्या सांध्यावरून न तुटता सलग गेलेली असते. चकतीच नसलेलं कडं छापलं गेलं असेल तर भोकाचा काठ आत पसरलेला, वेडावाकडा असतो. ठोकून चकती काढलेल्या कड्याचं भोक स्वच्छ गोल राहतं.

आता दोनचं 'लाखी'. हे जरा नीट समजून घ्या, कारण यात सगळ्यात जास्त माणसं फसतात. छापलेलं नाणं कधी बाहेर पडत नाही, एका डायला चिकटून बसतं. खाली नवी चकती येते. तिच्या एका बाजूला मोकळा डाय नेहमीची छाप देतो. दुसऱ्या बाजूला डायच्या ऐवजी चिकटलेलं नाणं दाबलं जातं आणि त्या नाण्याचा जो चेहरा खाली असतो तो याच मोकळ्या डायने पाडलेला. म्हणून खऱ्या लाखीत दोन्ही बाजूंना एकच चित्र असतं. एकीकडे सुलट आणि उठावाचं, दुसरीकडे तेच उलट आणि आत गेलेलं. ब्रिटिश काळातल्या तांब्याच्या पाव आण्यात अशी सुंदर नाणी मिळतात.

तुमच्या नाण्यावर नकाशाही आहे आणि त्याच बाजूला उलटे सिंहही. नवी चकती कोरी असते हो, तिच्यावर आधीचा नकाशा कुठून आला? हे व्हाइसमध्ये झालंय. दोन नाणी समोरासमोर धरून हँडल आवळलं, किंवा हातप्रेसखाली दाबली. उलट्या अक्षरांचे ठसे फक्त नकाशाच्या उठावावर ठळक असतील, खोलगट जागी अर्धवट. आणि पाठीमागचे सिंह बघा. तोंडाचा आणि छातीचा वरचा भाग चपटा, चकचकीत झालेला असणार, कारण तिकडून व्हाइसचा जबडा टेकलेला होता.

पाचाचं वर सांगितलंच आहे, त्यात भर घालण्यासारखं नाही.

आणि बाबांबद्दल. त्यांनी ते खोटं म्हणून टाकलं असेलही. पण हजारो नाण्यांतून नेमकं तेच त्यांच्या बोटाला टोचलं. ती नजर कामातूनच येते, मला तिची किंमत ठाऊक आहे.

एडिसनचा_मराठी (न्यू जर्सी)

काकांच्या 'मशीनने कसं केलं असेल' याला इकडचं एक उदाहरण जोडतो. अमेरिकेत १९४३ साली युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून एक सेंटची नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पाडली. आदल्या वर्षीच्या काही तांब्याच्या चकत्या मशीनमध्ये राहून गेल्या आणि त्यांच्यावरही १९४३ ची छाप पडली. ती नाणी फार महाग आहेत, म्हणून पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा देऊन विकतात. लोहचुंबक लावला की चिकटतो, खेळ तिथेच संपतो. दुसरी युक्ती १९४८ च्या सेंटमधला आठाचा आकडा खरवडून तीन करण्याची. त्याला चुंबक चिकटत नाही, पण १९४३ च्या खऱ्या तिनाची शेपटी ओळीखाली लांब उतरलेली असते, ती आठातून काढता येत नाही.

आपल्याकडे चुंबक याच कामाला येतो. १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया चिकटतो, तांबे-निकेलचा जुना चिकटत नाही. 'तांब्याचा रुपया' किंवा 'सोनेरी रुपया' म्हणून कुणी दिला तर आधी चुंबक.

दोन वेगळ्या नाण्यांचे डाय चुकून जोडीला लागल्याचंही घडलंय. २००० साली इकडे एका बाजूला पाव डॉलरचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला एक डॉलरचा गरुड अशी नाणी बाहेर पडली. पण दोन्हीकडे छापा असलेलं नाणं मी जितक्यांदा पाहिलं, तितक्यांदा सांधलेलंच निघालं.

तपकिरीची_डबी (मिरज)

आज सकाळी साडेआठला गच्चीवर गेले. सोनारकाकांनी भिंग दिलं होतं, दहा पटीचं.

आधी वाईट बातमी. पाचाच्या एका बाजूला कडेच्या आतून गोल रेघ आहे, नखाला लागत नाही पण भिंगातून स्वच्छ दिसते. आवाजही बद्द येतो. दहाच्या सांध्यावर एका जागी पिवळा धातू पापुद्र्यासारखा उचललेला आहे. दोनच्या मागच्या सिंहांची तोंडं चपटी आणि आरशासारखी. २,६०० रुपये गेले. विकणाऱ्याला मी फोन केला, तर म्हणाला गॅरंटी दिली नव्हती. खरंच दिली नव्हती, मी मागितलीही नव्हती.

आता बाबांचं. दुसरा तसाच जुना स्टीलचा रुपया खाचेत धरून बघितला, बसला. पलटल्यावर खाच आठ वाजता आणि कड दोन वाजता पुसट, अगदी तुम्ही म्हणालात तिथे. खाचेजवळचं कणीस शेवटी शेवटी रुंद आणि फिकं होत गेलंय, तुटलेलं नाही. भिंत उभी धरून बघितली, एका बाजूची पट्टी गुळगुळीत आहे आणि उरलेली खडीसाखर मोडल्यासारखी. समांतर रेघ एकही नाही. चुंबकही चिकटला. काका, मी गच्चीवर एकटीच मोठ्याने 'आहे!' म्हणाले.

दोन प्रश्न. नाणं काळवंडलंय, चिंचेने किंवा टूथपेस्टने घासू का? आणि मला एका नंबरवरून मेसेज येतो की बाबांचं नाणं पाच लाखांना जाईल, फक्त रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीचे १,२५० रुपये आधी भरा.

नाशिककर_संग्राहक

एक रुपयाही भरू नका. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कर मागणाऱ्यांबद्दल बँकेने स्वतःच ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केलंय. ती असले व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखांना जातं म्हणणारे व्हिडिओही याच पठडीतले. तुमच्या रुपयाचे पाच लाख येणार नाहीत, ते आधीच सांगून ठेवतो. पण ते खरं आहे, आणि यापुढे कधी विकत घेतलंत तर विकणाऱ्याकडून नाण्यात नेमकी काय चूक आहे ते लिहिलेली सहीची पावती घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

प्रेसशॉप_भोसरी

चिंच नको, टूथपेस्ट नको, लिंबू-मीठ तर अजिबात नको. घासलंत तर खाचेच्या भिंतीतला तो खडीसाखरेसारखा भाग पुसला जाईल आणि समोरच्या पुसट कडेवर तुमचेच ओरखडे येतील. मग पुढचा बघणारा म्हणेल, कानस मारलीय.

नाणं कडेला धरून उचला. साध्या कोरड्या कागदाच्या पुडीत ठेवा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, कालांतराने चिकट हिरवट थर येतो. पुडीवर पेन्सिलीने लिहा: साल, टांकसाळ, वजन ४.६१, खाच चार वाजता, पुसट कड दहा वाजता, आणि दुकानाच्या गल्ल्यातून मिळालं ते. ती तीन बनावटही फेकू नका, वेगळ्या पुडीत ठेवा. पुढचं नाणं बघताना शेजारी धरायला लागतील.

डबीतली बाकीची चार गुळगुळीत म्हणालात. त्यांचीही वजनं करून इथे टाका. गुळगुळीत म्हणजे नेहमी झिजलेलंच असतं असं नाही, कधी कधी चकतीवर छापच पडलेली नसते. कड उचललेली आहे का, तेवढं आधी बघा.